खडकवासला १०० टक्के भरलं म्हणजे नक्की किती भरलं?

नदीकाठ | रविवार, सकाळी ११:१०

मंडळी, सिंहगड रस्त्याला नदीपासून दोन गल्ल्या आत आमची सोसायटी आहे. तिथल्या सूचनाफलकाचं काम दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. त्यातून एक गोष्ट मनात घर करून बसली आहे, म्हणून हा धागा काढतोय.

मागच्या पावसाळ्यात एके दिवशी मी फलकावर लिहिलं, 'खडकवासला १०० टक्के भरले. पाणी जपून वापरा.' संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. "अरे, धरण काठोकाठ भरलं म्हणतोस आणि वर पाणी जपून वापरा म्हणतोस. दोन्ही खरं कसं?" मी त्यांना सांगितलं की पुण्याचं पाणी चार धरणांच्या साखळीतून येतं, एकूण क्षमता २९.१५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) आहे, त्यात खडकवासल्याची फक्त १.९७, आणि हेच पाणी कालव्यातून पुढे दौंड-इंदापूरलाही जातं. काकूंनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहूनच कळलं की त्यांच्यापर्यंत काहीच पोचलेलं नाही. चूक त्यांची नव्हती. मीही ते आकडे वर्षानुवर्षं पेपरात वाचतोय, पण तोपर्यंत मला तरी कुठे दिसले होते?

त्या रात्री मुलाच्या वहीतला आलेखाचा कागद घेतला. एक टीएमसीला एक सेंटिमीटर धरून चार उभे खांब काढले, सगळ्यांची रुंदी सारखी. वरसगाव पावणेतेरा सेंटिमीटरच्या थोडा वर गेला. पानशेत साडेदहाच्या पुढे. टेमघर पावणेचारला जेमतेम कमी. आणि खडकवासला दोन सेंटिमीटरसुद्धा नाही. शेवटचा खांब काढताना मी स्वतःच थबकलो. ज्या धरणाचं नाव घेऊन आपण पावसाळाभर चर्चा करतो, ते साखळीच्या सात टक्केही नाही. लहान असल्यामुळे ते लवकर भरतं, आणि भरलं की आपण सुटकेचा श्वास सोडतो.

मग प्रत्येक खांबात त्या दिवशी जेवढं पाणी होतं तेवढा भाग निळ्या पेन्सिलीनं भरला. खडकवासला पूर्ण निळा, बाकीचे तीन खांब तळाशी थोडेसे निळे आणि वर पांढरेच पांढरे. सकाळी कागद फलकावर लावला. काकूंनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं बाई, एवढुसंच आहे होय खडकवासला!" त्यानंतर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. उलट मोलकरणीला बोलावून त्यांनी स्वतः तिला समजावून सांगितलं.

मला त्या क्षणी फार बरं वाटलं. पण आनंदापेक्षा अस्वस्थता जास्त आहे, ती दुसऱ्या गोष्टीची.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्याच्या एकतानगरी भागात नदीचं पाणी घुसलं. आमच्याही पार्किंगमध्ये आलं. आदल्या रात्री ग्रुपवर विसर्गाचा, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा फिरत होता, इतके हजार क्युसेक म्हणून. शे-दीडशे जणांनी तो वाचला असेल. पण त्या आकड्याला माझी स्कूटर बुडेल की नाही, हे कुणालाच कळलं नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर, म्हणजे आपल्याकडे येतात तसे दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर दर सेकंदाला रिकामे होतायत. हे मी नंतर हिशोब करून काढलं. तेवढ्यानं अंगावर काटा येतो, पण पार्किंगचं उत्तर त्यातूनही मिळत नाही.

त्यापेक्षा जुने पुणेकर शहाणे. "भिडे पूल पाण्याखाली गेला का?" एवढंच विचारतात. डेक्कनचा तो बुटका पूल म्हणजे सगळ्या शहराची मोजपट्टी झाला आहे. पूल सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे त्यावर पाणी आलं म्हणजे काय हे पोरासोरालाही कळतं.

आमच्या इमारतीपुरती अशी मोजपट्टी करता येईल का? आणि तुम्ही कधी कुणाला काही समजावं म्हणून असं चित्र, तक्ता, खूण केली आहे का? चुकलेले प्रयोगही लिहा, मला त्यांचीच जास्त गरज आहे.

---

शिरोरेखा | रविवार, दुपारी १:२५

फार जिव्हाळ्याचा विषय. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. चित्राबद्दल इतर लिहितीलच, मी अक्षरांबद्दल लिहितो, कारण फलकावर चित्राच्या आधी अक्षरंच मार खातात.

लोकांना महत्त्वाचं काही सांगायचं असलं की ते ठळक करतात, अधोरेखित करतात, लाल करतात आणि पुढे तीन उद्गारचिन्हं देतात. आपल्या लिपीला यातलं अधोरेखन सगळ्यात जास्त नडतं. अक्षराच्या वर शिरोरेषा, त्याच्याही वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार. खालची रेघ नेमकी उकारातून जाते. 'पुरवठा' आणि 'परवठा' यांत फरक उरत नाही. ठळकपणाचंही तेच. जाड ठशात 'ष'च्या पोटातली पांढरी जागा बुजते आणि लांबून नुसता काळा ठिपका दिसतो. एखादी गोष्ट उठून दिसायला हवी असेल तर तिच्याभोवती मोकळी जागा सोडा. दोन ओळींत नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षरं लांब लांब पसरून मथळा मोठा करू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा शब्द राहत नाही.

'ख' जपा. जुन्या वळणाचा 'ख' 'रव' वाचला जातो, म्हणून प्रमाण वळणात त्याचं खालचं टोक जोडलेलं असतं. आकड्यांत १ आणि ९ बघून घ्या, काही फाँटमध्ये ते जुळे भाऊ असतात. फोन नंबर देताना मी नेहमी मालकाला लांब उभं करून वाचायला लावतो. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनं केलेला 'मुक्त' हा फाँट फुकट मिळतो, त्याच्या जाडीच्या बऱ्याच पायऱ्या आहेत आणि पोटं मोकळी आहेत. फलकासाठी मी तोच सुचवतो.

आकाराला बोर्डवाल्यांचा ठोकताळा आहे, दर दहा फुटांना एक इंच अक्षर. तो इंग्रजी मोठ्या अक्षरांवर बेतलेला आहे. मराठीत मात्रा-वेलांट्या त्यातच बसवायच्या असतात, म्हणून मी थोडं वाढवूनच घेतो.

---

तिन्हीसांजा | रविवार, दुपारी ४:०५

माझा चुकलेला प्रयोग देते.

गेल्या वर्षी सासूबाई दवाखान्यातून घरी आल्या. हातात दोन पानी कागद. औषधांची नावं इंग्रजीत, पुढे १-०-१, ०-०-१, एका ठिकाणी अर्धी गोळी. मी कामावर जाते, म्हणून भला मोठा तक्ता केला. सकाळच्या रकान्याला पिवळं सूर्याचं चित्र, रात्रीच्या रकान्याला निळा चंद्र, गोळ्यांची नावं मराठीत. मला फार आवडला होता. चौथ्या दिवशी लक्षात आलं की रक्तदाबाची गोळी दोनदा जातेय आणि दुसरी राहून जातेय.

त्यांच्याशेजारी बसून पाहिलं तेव्हा कारणं कळली. दोन्ही गोळ्या पांढऱ्या, गोल, जवळपास एकाच आकाराच्या. नाव वाचून त्या गोळी ओळखतच नव्हत्या, पाकीट पाहून ओळखत होत्या. शिवाय मोतीबिंदू पिकत आलेला. पांढऱ्या कागदावरचा पिवळा सूर्य त्यांना दिसतच नव्हता आणि निळा चंद्र करडा वाटत होता. मी माझ्या डोळ्यांसाठी तक्ता केला होता.

दुसरा केला तेव्हा आधी त्यांना विचारलं, "आई, तुमचा दिवस सांगा." त्यांनी वेळ घड्याळात सांगितली नाही. चहा, देवपूजा, जेवण, मालिका, अंथरूण असं सांगितलं. तेच रकाने झाले. नावांच्या जागी रिकाम्या पाकिटांचे तुकडे कापून चिकटवले. अर्ध्या गोळीला अर्धा काळा गोळा काढला. सगळं काळ्या स्केचपेननं. घेतलेल्या गोळीपुढे त्या कुंकवाचं बोट लावायच्या, ही त्यांची कल्पना. संध्याकाळी घरी आले की दारातूनच मला ते ठिपके दिसायचे. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी तो कागद मागून घेऊन फोटो काढला. आमचा पहिला कागद ज्यांनी दिला होता त्यांच्यावर राग नाही. पण घरी परतणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला असा एक कागद मिळाला पाहिजे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

---

आकडेमोड | रविवार, रात्री ९:३०

नदीकाठ, तुम्ही खांबांची रुंदी सारखी ठेवलीत हे उत्तम केलंत. मी सांख्यिकी शिकवतो. वर्गात असाच प्रश्न दिला की निम्मी मुलं पाण्याचे थेंब काढतात, लहान धरणाला लहान थेंब, मोठ्याला मोठा. दुप्पट पाणी दाखवायला थेंब दुप्पट उंच काढतात, तो आपोआप दुप्पट रुंदही होतो, आणि डोळ्याला चौपट पाणी दिसतं. चित्र सुंदर, माहिती खोटी. लांबीची तुलना डोळा नेमकी करतो, क्षेत्रफळाची ढोबळ करतो.

दुसरी फसवणूक तळाची. आमच्या सोसायटीच्या सभेत वीजबिलाचा आलेख दाखवला होता. खांब शून्याऐवजी नव्वद हजारांपासून सुरू केलेले. ९५ चे १०० हजार झाले होते, आणि पडद्यावर खांब दुप्पट दिसत होता. अर्धा तास भांडण झालं. खांबांचा आलेख असेल तर तळ शून्यच हवा.

गंमत म्हणून सांगतो, हे खांब फार जुने नाहीत. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसानं १७८६ मध्ये इंग्लंडच्या व्यापाराचे रेषालेख छापले. स्कॉटलंडची आकडेवारी मात्र त्याच्याकडे एकाच वर्षाची होती, रेघ ओढायला दुसरं टोकच नव्हतं. म्हणून त्यानं देशागणिक आयात-निर्यातीच्या पट्ट्या काढल्या. आकडे अपुरे होते म्हणून हाताशी आलेली ती युक्ती आज आपण शाळेच्या पुस्तकात शिकतो.

पुराबद्दल एक. नकाशावर नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे शब्द लोकांचा घात करतात. 'शंभर वर्षांतून एकदा' ऐकलं की वाटतं, एकदा येऊन गेला, आता नातवंडांनी बघावं. खरा अर्थ असा की दर वर्षी शंभरात एक शक्यता, कालच आला असला तरी. तीस वर्षं त्या घरात राहिलात तर निदान एकदा पाणी बघण्याची शक्यता २६ टक्के, म्हणजे चारात एकाहून थोडी जास्त. मी मुलांना दहा बाय दहा चौकटी काढून एक रंगवायला सांगतो आणि डोळे मिटून बोट ठेवायला लावतो. तीस वेळा. एखाद्याचं बोट त्या चौकटीवर पडलं की वर्गात जी शांतता होते, ती कुठल्याही सूत्रानं होत नाही.

---

पायवाट | सोमवार, सकाळी ८:१५

मेट्रोचा नकाशा आठवला. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट जांभळी, वनाज ते रामवाडी निळसर, दोन्ही जिल्हा न्यायालयाला भेटतात. मोजकेच मार्ग असल्यानं नकाशा सोपा आहे. मूळ युक्ती लंडनच्या हॅरी बेकची. तो विजेच्या मंडलांचे आराखडे काढायचा. १९३१ मध्ये त्यानं भुयारी रेल्वेचा नकाशा आडव्या, उभ्या आणि ४५ अंशाच्या रेघांत बसवला, १९३३ मध्ये तो लोकांच्या हाती आला. जमिनीखाली माणसाला खरं अंतर नको असतं, कुठे बदलायचं आणि कितवं स्टेशन एवढंच हवं असतं.

पण वर रस्त्यावर आलं की तोच नकाशा फसवतो. लंडनमध्ये लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन जेमतेम २६० मीटर, तरी लोक गाडीनं जातात. नकाशावर ते इतरांएवढंच लांब दिसतं ना. आपल्याकडे डेक्कन आणि संभाजी उद्यानाचं तसंच आहे. तेव्हा नकाशाच्या कोपऱ्यात 'चालत इतकी मिनिटं' एवढं तरी असावं.

---

चढती_रेघ | सोमवार, दुपारी ३:५०

मी मुळशी भागात अंगणवाडी पर्यवेक्षिका होते, आता निवृत्त. हा धागा वाचताना डोळ्यांसमोर सारखं वाढीचं कार्ड येत होतं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी लिहिते. आडव्या रेघेवर बाळाचे महिने, उभ्या रेघेवर वजन. मुलींचं कार्ड गुलाबी, मुलांचं निळं. आत तीन पट्टे: वर हिरवा, मध्ये पिवळा, खाली नारिंगी. दर महिन्याला वजन करायचं, ठिपका द्यायचा, मागच्या ठिपक्याला जोडायचा. या कार्डाचं मूळ आफ्रिकेत आहे. डेव्हिड मॉर्ली नावाचे डॉक्टर नायजेरियातल्या खेड्यात काम करत होते. बाळाचा कागद बाळाच्या आईकडेच राहिला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

सुरुवातीला आमच्या सेविका रंगच सांगायच्या. "तुझं बाळ हिरव्यात आहे, काळजी नको." एका पाड्यावर एक आई दर महिन्याला हे ऐकून समाधानानं जायची. तिचं कार्ड मी हातात घेतलं तर तीन महिन्यांची रेघ पाटासारखी आडवी. ठिपका हिरव्यात होता, पण पोर वाढतच नव्हतं. पाणी सोडून फारसं काही पोटात जात नव्हतं, दूध तर नावालाही नाही, मध्ये जुलाब होऊन गेले होते. तिच्याच शेजारी बसलेलीचं बाळ पिवळ्यात होतं आणि ती रडवेली झाली होती, पण त्याची रेघ सरसर वर निघाली होती.

तेव्हापासून मी आईच्या हाताचं बोट धरून रेघेवरून फिरवायला लागले. "बघ, इथे चढ चढलीस. इथे सपाटीला लागलीस." डोंगरातल्या बाया त्या. चढ आणि सपाटी काय असते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. ज्यांना सही करता येत नव्हती त्या पुढच्या महिन्यात आल्या आल्या विचारायच्या, "बाई, रेघ चढली का?" ग्रॅममध्ये वजन त्यांनी कधीच विचारलं नाही.

दंडाचा घेर मोजायची पट्टीही तशीच. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला गुंडाळायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत लाल, तिथून साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. आकडा वाचायची गरजच नाही. मी पहिल्यांदा ती वापरली तेव्हा लाल येताच त्या पोराच्या आजीनं न बोलता पदर खोचला आणि "कुठं न्यायचं?" एवढंच विचारलं.

नदीकाठ, तुमच्या खांबांत रोजचं पाणी दिसतं. चढतंय की उतरतंय हेही दिसू द्या. काल कुठे होतं त्याची फिकट रेघ तशीच ठेवा.

---

मातकट | सोमवार, रात्री १०:४०

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. एक भर घालतो. मला लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. हे पुरुषांत बायकांपेक्षा बरंच जास्त आढळतं, कारण त्याचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो आणि आमच्याकडे ते एकच. तुमच्या पट्टीवर रंगांचा क्रम ठरलेला आहे आणि आकडेही छापलेले आहेत, म्हणून मला ती वापरता येईल. पण सोसायटीच्या तक्त्यात 'टँकर येणार' हिरवा ठिपका आणि 'येणार नाही' लाल ठिपका असेल, तर माझ्यासाठी दोन्ही ठिपके मातकटच.

मी शाकाहारी आहे. खाण्याच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका आणि तपकिरी ठिपका ओळखायला मी कित्येक वर्षं दुकानदाराला विचारत आलो. २०२० च्या लेबलच्या नियमांनी मांसाहारी चिन्हाचा ठिपका जाऊन त्रिकोण आला. ज्या दिवशी पहिल्यांदा तसं पाकीट हातात आलं, तेव्हा दुकानात उभा राहून मी ते किती वेळ पाहत होतो. रंग तोच आहे, फक्त आकार बदलला. मला आता कुणाला विचारावं लागत नाही.

फलकावर रंग जरूर वापरा, पण रंग पुसला तरी कळेल असं करा. मोबाईलवर फोटो काढून काळा-पांढरा करून पाहा, लगेच समजतं.

---

नदीकाठ | बुधवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस तुमचे प्रतिसाद घेऊनच फिरतोय.

फलकावरचा कागद बदलला. चार खांब तसेच, तळ शून्यावर. पाण्याचा भाग आता गडद तिरप्या रेघांनी भरतो आणि मागच्या आठवड्याची पातळी तुटक रेघेनं ठेवतो. खांबांचा क्रमही बदलला. टेमघर, वरसगाव, पानशेत वर, आणि त्यांच्याकडून बाण खाली खडकवासल्याला. वरच्या तिघांचं पाणी खाली याच वाटेनं येतं आणि खडकवासल्याचा खांब सगळ्यात छोटा, हे एका नजरेत दिसल्यावर काल वॉचमन स्वतःहून म्हणाला, "साहेब, मग वरून सोडलं की हा धरून ठेवणार नाही, पाणी लगेच आपल्याकडं." मला जे दोन वर्षं सांगता आलं नव्हतं, ते त्यानं कागदावरून वाचलं.

पुराच्या खुणेवरून मात्र कमिटीत वाद झाला. मीटररूमशेजारच्या खांबावर चिखलाची रेघ अजून आहे. तिथे पट्टा मारून तारीख लिहू, असं मी सुचवलं. दोघांचा कडक विरोध. फ्लॅट विकायला काढला तर गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल, म्हणाले. त्यांची भीती मला कळते, एकाचं कर्ज अजून बारा वर्षं आहे. पण वरच्या मजल्यावर तीन नवे भाडेकरू आलेत, त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही, आणि त्यांच्या गाड्या सगळ्यात खोलगट कोपऱ्यात लागतात. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. त्या पुराच्या पातळीच्या खुणा पेठांमधल्या लोकांनी जपल्या, म्हणून आजही आजोबा नातवाला भिंतीवर हात ठेवून दाखवू शकतात, पाणी इथवर होतं म्हणून.

वाद काकूंनी मिटवला. म्हणाल्या, "खांब कोण बघतंय? मला विचाराल तर पाणी सहाव्या पायरीला होतं. मी सातवीवर उभी होते." मोजलं. पार्किंगपासून सहावी पायरी म्हणजे साडेतीन फूट, चिखलाची रेघ तेवढ्याच उंचीवर. आता पायऱ्यांच्या उभ्या बाजूवर एक ते सात आकडे रंगवायचे ठरलंय. तिसऱ्या पायरीला पाणी येण्याची चिन्हं असतील तर गाड्या हलवायच्या, हे सगळ्यांना एका वाक्यात सांगता येईल. सहावीवर तारीख. रोज जाता-येता दिसेल, आणि बाहेरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर येणार नाही, म्हणून विरोध करणारेही तयार झाले.

पायऱ्या काळ्या कडप्प्याच्या आहेत. रविवारी सकाळी आठला रंगवायला बसतोय. शिरोरेखा, सहावीवर काय आणि कसं लिहू?

---

शिरोरेखा | बुधवार, रात्री १०:०२

'पाणी इथपर्यंत' वरच्या ओळीत, '२५ जुलै २०२४' खालच्या ओळीत. एकूण उंची सात इंच असेल, तर अक्षर दीड इंचाचं, दोन ओळींत एक इंच मोकळं. पांढरा ऑइलपेंट. पायऱ्या आदल्या दिवशी धुऊन वाळू द्या, नाहीतर रंग सुटेल.

स्टेन्सिल मी कापून आणतो. १ आणि ७ ची वळणं तुमच्या काकूंना आधी लांबून दाखवून घेऊ.